द्रम्म पाडताना : प्रकल्पाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

काम ठरलं. जानेवारीतल्या प्रदर्शनात आमच्या वाट्याला एक टेबल आलंय. विषय : सातव्या ते बाराव्या शतकातलं पश्चिम भारत आणि दख्खनचं चलन. काचेच्या पेटीत नाणी आणि खाली पट्ट्या, असं मांडायचं नाही हे मी पहिल्यांदाच सांगून टाकलं. पेटीसमोर माणूस चार सेकंद थांबतो आणि पुढच्या टेबलावरच्या तलवारीकडे जातो. त्यापेक्षा हातात घेता येतील अशी नाणी स्वतः पाडायची. त्या काळी असतील तशा साध्या साधनांनी पाडायची आणि पाडताना जे घडेल ते या वहीत उतरवायचं.

आम्ही तिघं : मी, चित्रं काढणारी माझी भाची आणि अण्णा. अण्णांनी चाळीस वर्षं सोनारकाम केलंय. दुकान आता मुलाकडे आहे, पण ऐरण घरी आणून ठेवलीय.

नमुना म्हणून गधैय्या नाणं निवडलं, म्हणजे तेव्हाच्या द्रम्म या नाण्याचा एक प्रकार. अण्णांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फोटो उलटा धरला.

"राजाचं नाव नाही, साल नाही, टांकसाळ कुठली ते नाही. हे नाणं कसलं? बटण झालं हे!"

"पण अण्णा, हे शेकडो वर्षं चाललं."

"चाललं असेल. कुणाच्या जिवावर चाललं ते सांग."

प्रश्न लिहून ठेवला. टेबलाचा खरा विषय हाच दिसतोय.

७ नोव्हेंबर

दिवसभर वाचन. या नाण्याचं मूळ इराणात आहे. सासानी सम्राट पेरोज (कारकीर्द ४५९ ते ४८४) याचा चांदीचा द्राख्म : रुंद, पातळ, वजन सुमारे ४ ग्रॅम. एका बाजूला पंखांचा मुकुट घातलेला राजा, उजवीकडे तोंड करून. दुसऱ्या बाजूला अग्निवेदी, दोन्हीकडे एकेक रक्षक, ज्वाळेच्या एका बाजूला चांदणी आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोर.

पेरोज हूणांशी लढताना पकडला गेला, सुटकेसाठी त्याला चांदीची नाणी मोजावी लागली, आणि शेवटी ४८४ मध्ये तो त्यांच्याच हातून मारला गेला. ही चांदी हूणांकडे साठली, तिच्या नकला त्यांनी पाडल्या आणि त्या नकला घेऊन ते हिंदुस्थानात उतरले. पुढे राजस्थान, गुजरात, माळवा या पट्ट्यात नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल निघत राहिली. नाणं आकाराने लहान आणि जाड होत गेलं, चांदीत तांबं वाढत गेलं, चेहरा विरघळत गेला. वजन मात्र ४ ग्रॅमच्या आसपासच राहिलं. नावही टिकलं : द्राख्मचा द्रम्म झाला आणि द्रम्माचा दाम. आपण "दाम दुप्पट" म्हणतो तेव्हा तोंडात मूळचा ग्रीक शब्द असतो, इराणमार्गे आलेला.

गधैय्या हे नाव नंतरचं आणि लोकांनी दिलेलं. विक्रमादित्याच्या बापाला गाढवाचं रूप मिळाल्याची एक कथा आहे, तिच्याशी ते जोडतात. नाण्यावर गाढव कुठेच नाही. हे टेबलावर मोठ्या अक्षरात लिहावं लागेल, नाहीतर सगळे गाढव शोधत बसतील.

१२ नोव्हेंबर

भाचीची कल्पना, आणि आत्तापर्यंतची सर्वात चांगली. कानगोष्टींचा खेळ, पण चित्रांचा. पेरोजच्या नाण्याचा मोठा केलेला फोटो फक्त पहिल्या माणसाला दाखवायचा. त्याने काढलेलं चित्र दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. मूळ फोटो कुणी बघायचा नाही. चौदा जण मिळाले. शेजारची दोन मुलं, भाचीचे वर्गमित्र, मी, अण्णा, आणि अण्णांच्या घरी नळ दुरुस्त करायला आलेला एक बिचारा प्लंबर.

तिसऱ्या चित्रापर्यंत माणूस ओळखू येतो. चौथ्यात मुकुटाचे पंख पानं झाले. सहाव्यात कानाची वेटोळी झाली. सातव्याने दाढीचे ठिपके काढले, आठव्याला ती मण्यांची माळ वाटली, म्हणून त्याने ती गळ्यात खाली ओढली. दहाव्यापाशी डोळा उरला तो एका टिंबापुरता, नाक म्हणजे एक रेघ. अग्निवेदीचं तर पाचव्यालाच खुर्ची झाली, नवव्याला कसलासा खांब, आणि चौदाव्याकडे उभ्या रेघांची एक चळत, आजूबाजूला ठिपके.

चौदावं चित्र खऱ्या गधैय्याच्या फोटोशेजारी ठेवलं. अगदी जुळ्या भावांसारखे नाहीत, पण चुलतभाऊ नक्की.

चौदा जणांत कुणीही मुद्दाम बिघडवलं नाही. प्रत्येकाने समोर दिसलं ते इमानाने उतरवलं. ठसा खोदणाऱ्या कारागिराने तरी वेगळं काय केलं असेल? त्याच्यापुढे पेरोज नव्हताच. झिजलेल्या नाण्यावर जे उठून दिसत होतं ते त्याने खोदलं.

१३ नोव्हेंबर

रात्री चित्रं पुन्हा ओळीने लावून पाहिली. चौदाही चित्रांत एक गोष्ट जवळजवळ जशीच्या तशी राहिलीय : वेदीच्या वरची चांदणी आणि चंद्रकोर. खऱ्या गधैय्यांवरही वरच्या बाजूला चंद्र-सूर्य राहिलेत. बाकी सगळं विरघळलं तरी. माझा अंदाज असा की जे ओळखीचं असतं ते हात बरोबर काढतो. अग्निवेदी इथल्या कारागिराच्या घरची नव्हती. चंद्र-सूर्य मात्र दानाच्या शिलालेखावर, वीरगळावर, गद्धेगाळीच्या (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या) दगडावर सगळीकडे होतेच, "चंद्रसूर्य असेतो" या अर्थाने. हा निव्वळ माझा तर्क, पट्टीवर टाकणार नाही. वहीत असू दे.

१९ नोव्हेंबर

ठसे. दोन लागतात : खालचा ओंडक्यात घट्ट बसवायचा, वरचा हातात धरायचा, मध्ये चकती, वरून घाव. अण्णांनी दोन पोलादी तुकडे दिले आणि स्वतः खाट टाकून बसले. "तू कर. चुकलं की सांगतो."

चुकलंच. चेहरा फोटोत दिसतो तसाच खोदला. मेणावर दाबून पाहिला तर राजा डावीकडे बघतोय. ठशात सगळं उलटं खोदायचं हे माहीत असूनही हात सरळच गेला. पुसून, घासून, पुन्हा सुरुवात.

दुसरा धडा जास्त मोलाचा. मी बारीक छिन्नीने गोलाई काढायला बसलो होतो. अण्णा उठले, टोकदार सुंबा घेतला आणि टक टक टक : ओठ दोन टिंबं, केस टिंबांची रांग, कानातलं एक मोठं टिंब. तीन मिनिटांत झालं. सुंब्याने टिंब मारणं सोपं, वळणदार रेघ खोदणं अवघड. गधैय्यावरचा चेहरा टिंबांनी आणि काड्यांनी बनलाय, त्याचं अर्धं कारण माझ्या मते इथे आहे. रोज ठसे झिजतात, रोज नवे लागतात. कोण कुरवाळत बसणार?

२३ नोव्हेंबर

धातू. शुद्ध चांदी ५० ग्रॅम, तांबं ११७ ग्रॅम, म्हणजे तीस टक्के चांदी. मोडीचे पैंजण घ्यायचे नाहीत असं ठरवलं, कारण पुढे घनता मोजायचीय आणि मोडीत काय काय असतं देव जाणे. मुशीत टाकणखार घालून वितळवलं, कांब ओतली, छिन्नीने तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा कोळशावर वितळवून गोळी केली आणि ऐरणीवर चपटी केली.

एकोणचाळीस चकत्या झाल्या. लक्ष्य ४ ग्रॅम. प्रत्यक्षात सर्वात हलकी ३.४१, सर्वात जड ४.६२. मी खट्टू झालो. अण्णांनी सगळ्या एका पारड्यात ओतल्या : १५५.२ ग्रॅम. सरासरी ३.९८.

"एकेक मोजत बसलास तर टांकसाळ कधी चालायची? शंभराचा ढीग शंभराच्या वजनाचा भरला की झालं. कमी भरला तर दोन जड टाक."

खऱ्या गधैय्यांची वजनंही अशीच पुढेमागे होतात. मी आजवर त्याला ढिसाळपणा समजत होतो. मोठी देवघेव मोजून न करता तोलून केली, तर एका नाण्याचा कमीजास्तपणा ढिगात बुडून जातो. मात्र एखादा चतुर माणूस जड नाणी निवडून वितळवू शकतो. ती भीती असणारच.

२७ नोव्हेंबर

चकत्या तांबूस गुलाबी दिसतात. तीस टक्के चांदी डोळ्यांना कळतच नाही. म्हणून तावून चिंचेच्या पाण्यात टाकायच्या, थोडं मीठ घालून. तापवल्यावर वरचं तांबं काळं पडतं, आंबटात ते विरघळून जातं, चांदी मागे राहते. पुन्हा ताव, पुन्हा चिंच. पाचव्या खेपेला फटफटीत पांढऱ्या झाल्या, सातव्याला छान मंद. कडेवर कानस फिरवली की आत लाल.

यात लबाडी किती आणि रीत किती? घेणाऱ्यालाही ठाऊक असणार की हे शुद्ध नव्हे. "तावून सुलाखून घेणे" हा आपला शब्दप्रयोग उगाच नाही आला : ताव देऊन पाहायचं, भोक पाडून आत बघायचं.

हाताला दोन दिवस चिंचेचा वास. घरच्यांनी सांबार केलं का म्हणून विचारलं.

३० नोव्हेंबर

पाडण्याचा दिवस.

पहिला घाव घाबरत मारला : पुसट. दुसऱ्यांदा मारला तर ठसा सरकला, राजाला दोन नाकं. चौथ्यापासून हात बसला. एक जण चकती ठेवणार, एक घाव घालणार, एक उचलणार, अशी लय लागल्यावर मिनिटाला तीन-चार सहज निघू लागली. सरावलेले कारागीर किती पाडत असतील!

चकती ठशापेक्षा लहान असल्याने प्रत्येक नाण्यावर चित्राचा वेगळा भाग उमटतो. कुणावर कपाळ, कुणावर हनुवटी. संग्रहातल्या गधैय्यांवर अर्धाच चेहरा असतो म्हणून हळहळणाऱ्यांनी हे पाहायला हवं. कुणी पुसलेलं नाही, ते मुळात तेवढंच उमटलं होतं.

अकराव्या नाण्यावर वेदीवरून एक बारीक, वर उठलेली रेघ गेलेली दिसली. बाराव्यावर जरा जाड. सतराव्या घावाला वरचा ठसा फुटला. अण्णांनी तुकडा हातात घेतला.

"पाणी दिलंस, पण नंतर उतरवलं नाहीस. पोलादाला पाणी देऊन परत हलकं तापवायचं असतं. नुसता कडक केला की काचेसारखा तुटतो."

चूक माझी. संध्याकाळी दुसरा वरचा ठसा केला, या वेळी नीट उतरवला, आणि उरलेली बावीस त्यावर पाडली. वरचाच फुटणार हे ठरलेलंच होतं म्हणा, घाव तोच झेलतो. खालचा चेहऱ्याचा ठसा अजून धडधाकट आहे.

रात्री लक्षात आलं की फुटका ठसा ही या प्रकल्पाची लॉटरी आहे. ठशाला तडा गेला की नाण्यावर वर उठलेली रेघ येते. म्हणजे आमची पहिली सतरा नाणी कुणीही, आम्हाला न विचारता, क्रमाने लावू शकेल : आधी बिनरेघेची, मग बारीक रेघेची, मग जाड. आणि पहिली सतरा व नंतरची बावीस एकाच टांकसाळीची, हेही कळेल, कारण चेहऱ्याचा ठसा दोन्हींत तोच आहे. नाणेतज्ज्ञ नाव-साल नसलेल्या नाण्यांचा गट असाच जुळवतात. एकेक ठसा ओळखायचा, कोणता कोणाबरोबर वापरला ते पाहायचं, आणि किती ठसे वापरले गेले त्यावरून टांकसाळीने नाणी किती पाडली असतील त्याचा अदमास घ्यायचा. नाणं मुकं नसतं, असं अण्णांना उद्या सांगणार.

एकोणचाळीसमधली आठ बाद. चिरलेल्या कडा, दोन नाकं वगैरे. हाती एकतीस.

४ डिसेंबर

घनता. हवेत वजन, मग धाग्याने पाण्यात लोंबकळवून वजन. चांदी १०.४९, तांबं ८.९६, मिश्रण मध्ये कुठेतरी.

एक नाणं : ४.०२ ग्रॅम, पाण्यात ०.४३ ने कमी. घनता ९.३५. वा! पण काट्याचा शेवटचा आकडा एकने इकडेतिकडे धरला तर चांदी १३ टक्क्यांपासून ४४ टक्क्यांपर्यंत काहीही निघते. म्हणजे हा आकडा काहीच सांगत नाही. निराश होऊन दहा नाणी एकदम टांगली : ३९.८४ ग्रॅम, पाण्यात ४.२६ ने कमी. आता २९ टक्के येतात, चूक धरून दीड-दोन टक्के इकडेतिकडे. आम्ही घातली होती ३०.

पुन्हा ढीगच कामाला आला.

९ डिसेंबर

कवड्यांचा दिवस. भास्कराचार्यांनी लीलावतीच्या सुरुवातीला (११५०) चलनाचं कोष्टक दिलंय : २० वराटक म्हणजे कवड्या = १ काकिणी, ४ काकिणी = १ पण, १६ पण = १ द्रम्म, १६ द्रम्म = १ निष्क. म्हणजे द्रम्माला १२८० कवड्या.

याच पुस्तकात एक कंजूस आहे. त्याच्याकडे भिकाऱ्याने मागितलं, तर त्याने द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा चौथा भाग दिला. किती कवड्या दिल्या? भाचीने कागद घेतला : १/१२८०. एक कवडी! अपूर्णांकांच्या एवढ्या डोंगरातून एक कवडी निघते, यात गणितापेक्षा मिश्किलपणा जास्त आहे. टेबलावर हे गणित ठेवणारच, उत्तर पट्टीच्या मागे.

खऱ्या कवड्या ३२० जमल्या. वजन ४१५ ग्रॅम. म्हणजे एका द्रम्माच्या कवड्या दीड किलोच्या वर, आणि द्रम्म ४ ग्रॅमचा. बाजूबाजूला ठेवल्यावर द्रम्माचा उपयोग काय हे सांगावं लागत नाही. या कवड्या मालदीवच्या समुद्रातून यायच्या. भाजीच्या पातळीवरचं चलनही आयातच.

सोन्याच्या मिश्रणाचंही गणित सापडलं. १३, १२, ११ आणि १० कसाचं सोनं, अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे, एकत्र वितळवलं तर कस किती? अण्णांनी तोंडी केलं : बारा. बरोबर. मग त्यातच पुढचा भाग : हेच वीस मासे तावून १६ मासे राहिले तर? "पंधरा." तेही बरोबर. नऊशे वर्षांपूर्वीचा प्रश्न आणि अण्णांच्या दुकानातला रोजचा हिशेब यांत फरक काहीच नाही.

१४ डिसेंबर

आज अण्णांच्या पहिल्या प्रश्नाला हात घातला : कुणाच्या जिवावर चाललं?

लेखांत द्रम्म जागोजाग आहेत. कान्हेरीच्या लेण्यात शके ७७५ चा (इ.स. ८५३ च्या सुमाराचा) लेख आहे. गौड देशाहून, म्हणजे बंगालहून, आलेल्या अविघ्नाकराने भिक्षुसंघाला १०० द्रम्म दिले. तेव्हा कोकणात शिलाहार, वर अमोघवर्ष राष्ट्रकूट. त्याच सुमाराला, ८५१ मध्ये, अरबी व्यापारी सुलेमानच्या नावे असलेल्या वृत्तांतात बल्हराच्या, म्हणजे राष्ट्रकूट राजाच्या मुलखात तातारिया नावाचे दिरहम चालतात आणि त्यांचं वजन नेहमीच्या दीड दिरहमाएवढं असतं, असं आलंय. आणि राष्ट्रकूटांची म्हणून खात्रीने दाखवावीत अशी नाणी? जवळपास नाहीतच. एवढं मोठं साम्राज्य आणि स्वतःचा ठसा नाही!

इतिहासकार रामशरण शर्मा यांची मांडणी अशी की या काळात नाणी घटली, व्यापार आटला, जमिनी दान देऊन कारभार चालू लागला. त्यावर नाण्यांचे अभ्यासक जॉन डेयेल यांनी १९९० मध्ये उलट दाखवलं : चांदी कमी पडली म्हणून नाणी हलक्या मिश्रधातूची झाली, पण उत्तर भारतात ती भरपूर पाडली जात होती. ती ओबडधोबड, बिननावाची आहेत म्हणून कुणी नीट मोजली नव्हती. मी डेयेलच्या बाजूचा. ऐरणीवर दोन तास घालवले तर कुणीही होईल.

झाशीजवळच्या ललितपूर भागातला सियाडोणीचा शिलालेख (दहावं शतक) तर बाजाराची वहीच आहे. त्यात आदिवराह द्रम्म, विग्रहपाल द्रम्म अशी वेगवेगळ्या जातींची नाणी सांगितली आहेत. आदिवराह म्हणजे प्रतिहार घराण्यातल्या मिहिरभोज राजाचं नाणं : एका बाजूला वराहावतार, दुसरीकडे "श्रीमदादिवराह" ही अक्षरं, आणि खाली तीच आपली विरघळलेली अग्निवेदी! राजाने स्वतःचा देव आणला, पण जुनी खूण पुसली नाही. लोकांना ओळखीचं काहीतरी ठेवावंच लागलं.

आणि गुजरातेतल्या लेखपद्धतीत, म्हणजे कागदपत्रांच्या नमुन्यांच्या संग्रहात, अण्णांचं उत्तर जवळजवळ तयारच आहे. कर्जखताच्या नमुन्यात पैसा कसला, तर श्रीमालच्या टांकसाळीत पाडलेले, तीनदा पारखलेले, बाजारात चालणारे द्रम्म. श्रीमाल म्हणजे आजचं राजस्थानातलं भीनमाळ. एका वाक्यात टांकसाळीचं गाव, पारख आणि बाजाराची संमती. राजाचं नाव त्या वाक्यात लागत नाही.

अण्णांना वाचून दाखवलं. "तीनदा पारखलेले," एवढंच पुन्हा म्हणाले आणि मान डोलावली. "मग बटण नाही."

राजे अगदीच गप्प होते असं नाही. गधैय्या घाटाच्याच काही नाण्यांवर शिलाहार छित्तराजाचं (अकराव्या शतकाचा पूर्वार्ध) नाव नागरीत आहे. चेहरा तसाच विरघळलेला, नाव तेवढं नवं.

१९ डिसेंबर

टेबलाची उजवी बाजू : देवगिरीच्या यादवांचा पद्मटंक. सोनं, वजन ३.८ ग्रॅमच्या आसपास. हे ठशांत दाबून पाडलेलं नाणं नव्हे. एकाच बाजूला एकेक शिक्का वेगळा मारायचा : मध्ये कमळ, भोवती श्री, शंख, राजाचं नाव. मागची बाजू कोरी.

आम्हाला सोनं परवडणारं नव्हतं, तांब्याची चकती घेतली. शिसाच्या पाटावर ठेवून कमळ मारलं, तर चकती वाटीसारखी खोलगट झाली. पद्मटंक बशीसारखे का असतात याचं कोडं मला बरीच वर्षं होतं, ते एका घावात सुटलं असावं. "सिंघण" हा शिक्का खोदताना घ पुन्हा सरळच खोदला. पुन्हा घासलं.

सिंघण, कृष्ण (नाण्यावर कान्ह), महादेव, रामचंद्र : यादवांच्या नाण्यांवर नावं चोख आहेत. शिक्के सुटे असल्याने राजा बदलला की नावापुरता शिक्का बदलून भागत असणार. कमळ तेच. गधैय्याच्या शेजारी ठेवल्यावर दोघांचा स्वभाव वेगळा दिसतो. हा दरबारातला, तो बाजारातला.

जास्त लिहीत नाही, हात दुखतोय.

२२ डिसेंबर

सगळ्या प्रतींच्या कडेवर "प्रत" असा बारीक शिक्का मारला. आज पांढरीशुभ्र आहेत, पाच वर्षांनी काळी पडतील आणि कुणीतरी खरी म्हणून विकेल.

नंतर भाचीने खोडी काढली. नुसत्या तांब्याची पाच नाणी पाडून, त्यांना कल्हई करून एकतिसांत मिसळली. अण्णांना बसवलं. "नाणकपरीक्षी" हा अधिकारी याज्ञवल्क्यस्मृतीत आहे, त्याची खुर्ची तुमची, असं तिने सांगितलं. नियमही वाचून दाखवला : खोट्या नाण्याला खरं म्हणेल किंवा खऱ्याला खोटं म्हणेल, त्या पारख्याला उत्तम साहस, म्हणजे सर्वात वरच्या पायरीचा, दंड. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीला, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात मिताक्षरा हे भाष्य लिहिलं. म्हणजे नियम आमच्या टेबलाच्या काळात शिकवला जात होता.

अण्णांनी एकेक नाणं फरशीवर टाकून कान दिला. काहींची कड नखाने, काहींची दाताने पाहिली. दहा मिनिटांत चार खोटी बाजूला काढली. पाचवं म्हणून जे काढलं ते खरं निघालं. पातळ चिरेमुळे बद्द वाजत होतं. पाचवं खोटं त्यांच्या खऱ्यांच्या ढिगात सुखाने बसलं होतं.

"दोन्ही गुन्हे," भाची म्हणाली. एका उत्तम साहसाचे १०८० पण. लीलावतीच्या कोष्टकाने साडेसदुसष्ट द्रम्म, दोनदा म्हणजे एकशे पस्तीस.

अण्णांनी ढीग स्वतःकडे ओढला, कवड्यांचा डबा आमच्याकडे सरकवला आणि सांगितलं की सुटे एवढेच आहेत, बाकी उद्या.